मालामागचा माणूस

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, संस्थापकांचे स्मरण असावे, देणगीदारांचे आभार असावेत, ही रीत चांगली आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबरच पुढील पिढीसमोर येऊ घातलेल्या एखाद्या प्रश्नाची ओळखही सभासदांना व त्यांच्या कुटुंबियांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते. म्हणून येथे एक विषय घेतला आहे. त्याचे नाव जड आहे. अर्थ मात्र घरातल्या कोणालाही समजण्याजोगा आहे.

व्यापारी जगात या विषयास 'मानवाधिकार-दक्षता' असे म्हणू लागले आहेत. जो माल आपण विकतो अगर विकत घेतो, तो घडविताना कोणा माणसाची हानी झाली काय, याची चौकशी आधीच करावी. हानी होत असेल तर ती थांबवावी. आणि होऊन गेली असेल तर ती भरून द्यावी, हा त्याचा थोडक्यात अर्थ. ही चौकशी स्वतःच्या कारखान्याच्या भिंतीशी थांबत नाही. आपल्याला माल देणारा, त्याला कच्चा माल देणारा, आणि त्याच्याही मागे खाणीत, शेतात किंवा झोपडीत काम करणारा, अशी जी साखळी असते तिच्या शेवटच्या कडीपर्यंत ती जावी, अशी अपेक्षा आहे.

धार-देवासच्या आपल्या मराठी मंडळींचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पवारांच्या काळात आपले पूर्वज येथे आले ते लष्कर, दफ्तर आणि विद्या यांच्या निमित्ताने. आज आपल्या घरांतील मुले-मुली पिथमपूर व देवासच्या कारखान्यांत आहेत, कोणी ठेकेदार आहे, कोणी कापसाच्या किंवा सोयाबीनच्या व्यापारात आहे, कोणी पुणे-मुंबईत बसून परदेशी कंपन्यांच्या खरेदीचे हिशेब पाहतो. या साखळीत आपण कोठे ना कोठे उभे आहोतच.

तीन शब्द

धारच्या पश्चिमेस, सरदारपूर तहसिलीत, राजगढजवळ मोहनखेडा हे जैन तीर्थ आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तेथील आदिनाथाचे दर्शन घेतलेले असेल. ज्या राजेंद्रसूरींच्या पुण्याईने हे स्थान प्रसिद्धीस आले, ते १९०६ साली राजगढ येथे कालवश झाले, आणि त्यांची समाधी मोहनखेड्यास आहे. प्राकृत शब्दांचा 'अभिधान राजेंद्र कोश' हा सात भागांचा प्रचंड ग्रंथ त्यांनी रचला, ही गोष्ट विद्वानांना ठाऊक आहे.

जैन आचारात हिंसेचा विचार करताना तीन शब्द येतात : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि कोणी केलेल्यास संमती देणे. योगशास्त्रातही हाच भेद कृत, कारित आणि अनुमोदित या नावांनी केलेला आहे. माणूस म्हणतो, "मी कोणाला मारले नाही." शास्त्र विचारते, "तू करविलेस काय? आणि झालेले पाहून गप्प राहिलास काय?"

आजच्या व्यापारविषयक कायद्यांची भाषा वाचताना आम्हांस या तीन शब्दांची आठवण वारंवार झाली. कंपनीने स्वतः हानी केली, कंपनीने हानीस हातभार लावला, किंवा कंपनीच्या मालाशी व सेवेशी ती हानी धंद्याच्या नात्याने जोडलेली आहे, असे तीन प्रकार संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहेत. शब्द तंतोतंत तेच नव्हेत, आणि एकातून दुसरे निघाले असा आमचा दावाही नाही. परंतु पाप करणाऱ्याच्या हातापाशीच संपत नाही, हा विचार माळव्याच्या मातीला परका नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

गारगोटीची धूळ

आता एक उदाहरण घेऊ. ते दूरदेशीचे नाही.

धार, झाबुआ आणि अलिराजपूर या जिल्ह्यांतील भिल्ल-भिलाला कुटुंबे पाऊस संपला, शेत रिकामे झाले, की मजुरीसाठी गुजरातेत जातात. त्यांतील अनेक जण गोध्रा व बालासिनोर भागातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. गारगोटीचे पांढरे दगड फोडून त्यांचे पीठ करावयाचे, ते पोत्यांत भरावयाचे, आणि ते काचेच्या व तत्सम उद्योगांना पाठवावयाचे, असा हा धंदा. त्या पिठाची अतिसूक्ष्म धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि तेथे कायमचे व्रण करते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. धूळ दाट असेल तर वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही. थोड्या काळाच्या कामानेही माणूस खचतो. खोकला, दम लागणे, वजन उतरणे ही लक्षणे क्षयासारखी असल्यामुळे पुष्कळांवर क्षयाचेच उपचार होत राहतात, आणि रोगाचे खरे नाव कागदावर येतच नाही. नाव नाही म्हणजे भरपाई नाही.

हे प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. आयोगाने २०१० साली मृत पावलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये गुजरात शासनाने द्यावेत, अशी शिफारस केली. जे हयात होते त्यांच्या पुनर्वसनाचा भार मध्य प्रदेशावर ठेवला. पुढे मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम देण्याचा आदेश दिला. शिफारशीपासून आदेशापर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ गेला.

या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भरपाई आली ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून. ज्या काचेसाठी ते पीठ दळले गेले, ती काच बनविणाऱ्याने, तिची बाटली भरणाऱ्याने, आणि ती बाटली विकत घेणाऱ्याने कोणी कधी विचारले काय, की हे पीठ इतके स्वस्त कसे? धूळ ओढून घेणारे पंखे, पाणी मारून दगड फोडण्याची सोय, बंदिस्त यंत्रे हे उपाय काही नवीन नव्हते. ते न केल्यामुळे जो खर्च वाचला, तो भावात उतरला आणि साखळीतील प्रत्येकाच्या पदरी थोडा थोडा पडला. त्याची किंमत मात्र एकट्या मजुराने आपल्या श्वासाने दिली.

कल्पना कोठून आली

मोठ्या कंपनीची जबाबदारी कोठपर्यंत पोचते, हा प्रश्न मध्य प्रदेशाला नव्याने शिकवावा लागत नाही. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, भोपाळला विषारी वायू सुटला. कारखाना चालविणारी कंपनी हिंदुस्थानात नोंदलेली, तर तिची मालक कंपनी अमेरिकेतील. उत्तरदायी कोण, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, आणि ती पुरेशी नव्हती ही पीडितांची तक्रार कायम राहिली. मालकी एका देशात, काम दुसऱ्या देशात, अशा व्यवस्थेत न्याय कोठे मागावयाचा याचे उत्तर जुन्या कायद्यांजवळ नव्हते.

हे कोडे सोडविण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन रगी यांच्याकडे काम सोपविले. त्यांनी मांडलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे मानवाधिकार परिषदेने जून २०११ मध्ये मान्य केली. त्यांचा सांगाडा तीन खांबांचा आहे : माणसाच्या हक्कांचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य, त्या हक्कांचा मान राखणे ही धंद्याची जबाबदारी, आणि हानी झालेल्यास दाद मिळण्याचा मार्ग असणे ही दोघांचीही काळजी.

दोन वर्षांतच या तत्त्वांची गरज जगाला दिसली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. तीत युरोप-अमेरिकेतील दुकानांसाठी कपडे शिवले जात. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरीही दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलाविण्यात आले, कारण माल वेळेवर जावयाचा होता.

दक्षता म्हणजे प्रत्यक्षात काय करावयाचे, तेही ठरलेले आहे. गारगोटीचेच उदाहरण घेऊन सांगतो. पहिली पायरी, कंपनीने आपले धोरण ठरवावे आणि ते खरेदी खात्याला बांधून द्यावे. दुसरी, आपल्या साखळीत धोका कोठे आहे तो शोधावा. काच घेणाऱ्याने पीठ कोठून येते हे विचारावे आणि गिरणीत जाऊन पाहावे. तिसरी, धोका थांबवावा. पंखे व पाण्याची सोय करावयास लावावी आणि त्यासाठी भाव वाढवून द्यावा. चौथी, उपाय खरोखर चालू आहे की नाही हे पाहत राहावे. धूळ मोजावी, मजुरांची छाती तपासावी. पाचवी, काय आढळले ते जाहीर सांगावे. सहावी, ज्याची हानी झाली त्याला भरपाई मिळवून द्यावी. सहा पायऱ्या आहेत, आणि त्यांत न समजण्यासारखे काही नाही. चांगल्या गृहिणीने धान्य निवडावे, साठवावे, अधूनमधून उन्हात घालावे, त्यातलाच हा प्रकार. एकदा करून सुटका नाही. करीत राहावे लागते.

कायद्यांची चढ-उतार

आरंभी हे सारे स्वेच्छेवर होते. मग कायदे आले. फ्रान्सने २०१७ साली मोठ्या कंपन्यांना दक्षतेची योजना सक्तीची केली. जर्मनीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून ३००० हून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना, आणि पुढील वर्षापासून १००० नोकरांच्या कंपन्यांना लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ साली सर्व सभासद देशांसाठी एक निर्देश काढला. त्याच सुमारास संघाने असाही नियम केला की, सक्तीच्या मजुरीने बनलेला माल युरोपच्या बाजारात येऊच द्यावयाचा नाही. त्याचा अंमल डिसेंबर २०२७ पासून होणार आहे. अमेरिकेने तर चीनच्या शिंजियांग प्रांताबाबत जून २०२२ पासून उलटाच नियम लावला आहे : तेथील माल सक्तीच्या मजुरीचा आहे असे गृहीत धरावयाचे, आणि तसा नाही हे आणणाऱ्याने सिद्ध करावयाचे.

परंतु चढणीनंतर उतारही लागला. कागदपत्रांचा बोजा फार झाला, परदेशी स्पर्धेपुढे टिकाव लागणार नाही, अशी ओरड युरोपातील उद्योगपतींनी केली. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय पार्लमेंट व सभासद देश यांच्यात जी तडजोड झाली, तिने निर्देशाची कक्षा पुष्कळ आखडली. आधी १००० नोकर व ४५ कोटी युरो उलाढालीच्या कंपन्या त्यात येत होत्या; तडजोडीने ही मर्यादा ५००० नोकर व १५० कोटी युरोंवर नेली, आणि अंमल २०२९ च्या जुलैपर्यंत पुढे ढकलला.

म्हणून ही लाट ओसरली असे समजावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जी मोजकी अवाढव्य मंडळी कायद्यात उरली आहेत, त्यांच्याच खरेदीच्या साखळ्या सर्वांत लांब आहेत. आणि आपल्या देशातील कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक तीच आहेत.

आपल्या देशातही काही घडले आहे. जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ साली निघाली. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार एक अहवाल द्यावा लागतो, आणि त्यात मानवाधिकारांविषयीचे प्रकरण असते. मात्र आपला नियम 'सांगा' म्हणतो. 'शोधा आणि थांबवा' असे अजून म्हणत नाही. या दोहोंत मोठे अंतर आहे. तरी जबाबदारी साखळीतून वर चढविण्याचे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, असे आपल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, पण हे तत्त्व तीतही टिकून आहे. ठेकेदारापर्यंत जी जबाबदारी गेली, ती पुरवठादारापर्यंत नेणे हे पुढचे पाऊल होय.

दोन आक्षेप

या विषयावर सभासदांशी बोलताना दोन आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की, परदेशी लोकांना आपल्या मजुरांचा हा कळवळा अचानक कोठून आला? हा स्वतःचे कारखाने वाचविण्याचा डाव नव्हे काय? आमचे उत्तर असे की, डाव असूही शकेल. पण इतिहास पाहावा. मुंबईच्या गिरण्या भरभराटीस आल्या तेव्हा त्यांच्यावर कामाच्या तासांची बंधने घालावीत म्हणून लँकेशायरचे गिरणीमालक विलायतेत खटपट करीत होते. त्यांचा हेतू शुद्ध नव्हता, हे उघडच आहे. पण त्याच काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागितली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती सुट्टी आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी मिळविली. लँकेशायरच्या मनात काही का असेना, रविवारी विसावा मिळाला तो परळ-भायखळ्याच्या कामगाराला. म्हणून परक्याचा हेतू तपासावा, पण आपल्या मजुराचा हक्क त्यासाठी नाकारू नये. किंबहुना, परक्याने बोट दाखविण्याआधी आपणच घर झाडावे, हे शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप असा की, हा सारा कागदांचा खेळ आहे. तपासनीस येतो, चहा घेतो, रजिस्टर पाहतो आणि प्रमाणपत्र देऊन जातो. हा आक्षेप दुर्दैवाने खरा ठरलेला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. त्या कारखान्याला अवघ्या काही आठवड्यांपूर्वी सुव्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते.

मग उपाय काय? राणा प्लाझानंतर जे झाले त्यात एक धडा आहे. मे २०१३ मध्ये अनेक परदेशी कंपन्या व कामगार संघटना यांच्यात एक करार झाला. तो नुसत्या सदिच्छेचा नव्हता, तर कायद्याने बांधणारा होता. इमारतींची तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करावयाची, निष्कर्ष उघड छापावयाचे, दुरुस्तीचा खर्च कारखानदाराला परवडावा अशी सोय घेणाऱ्याने पाहावयाची, आणि धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क कामगाराला द्यावयाचा, अशी त्याची कलमे होती. म्हणजे तपासणीत ज्याचा जीव धोक्यात, त्याला बोलण्याची जागा मिळाली. तपासनिसाच्या वहीपेक्षा कामगाराचे तोंड अधिक खरे बोलते, हे ध्यानात ठेवावे.

उसाच्या फडातील प्रश्न

महाराष्ट्रातील आपल्या आप्तांना जवळचे असे दुसरे उदाहरण साखरेचे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या भागांतील कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यावयाची आणि हंगामभर नवरा-बायकोने मिळून ती फेडावयाची. या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. माणसांची गणना हत्याराच्या नावाने व्हावी, यातच पुष्कळ काही आले. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात.

२०१९ साली या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार असल्याच्या बातम्या आल्या. महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स व फुलर प्रोजेक्ट यांच्या शोधवृत्ताने हा धागा थेट जगभर विकल्या जाणाऱ्या शीतपेयांपर्यंत नेऊन जोडला.

येथे साखळीचा खरा स्वभाव दिसतो. शीतपेय कंपनी म्हणते, आम्ही साखर घेतो, मजूर आमचे नव्हेत. कारखाना म्हणतो, आम्ही ऊस घेतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी उचल दिली आहे, ती फिटली पाहिजे. प्रत्येकाचे उत्तर कागदावर बरोबर असते. आणि सर्वांची उत्तरे मिळून फडातल्या बाईला पाळीच्या दिवसांत विसावा नाही, प्यायला पाणी नाही, आडोसा नाही. दक्षतेचा उपयोग नेमका येथे आहे. प्रत्येकाने बोट खाली दाखवावयाचे, या रूढीला ती छेद देते.

या ठिकाणी एक देशी उपायही सांगण्याजोगा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी जे महामंडळ स्थापन झाले, त्याला कारखान्यांनी प्रत्येक टन उसामागे १० रुपये द्यावेत आणि शासनाने तितकीच भर घालावी, अशी योजना आहे. अंमलबजावणी कशी होते यावर लक्ष ठेवले पाहिजे हे खरे. पण मालावरच मजुराचा वाटा बसविण्याची ही कल्पना मूलतः योग्य आहे.

पुढे काय

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मोहनखेड्याच्या शेजारच्याच बदनावर तहसिलीत, भैंसोला येथे मोठ्या वस्त्रोद्योग संकुलाचे भूमिपूजन १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. शेतातील कापसापासून परदेशी पाठविण्याच्या तयार कपड्यापर्यंत सर्व टप्पे एकाच ठिकाणी आणावयाचे, हा त्यामागील विचार. निमाडचा कापूस, माळव्याची जमीन, आणि आदिवासी पट्ट्यातील काम करणारे हात. ज्या तरुणांना आजवर गोध्र्याची वाट धरावी लागे, त्यांना घराजवळ काम मिळाले तर त्यासारखे दुसरे पुण्य नाही.

परंतु जागतिक साखळीची एक अख्खी लांबी आता आपल्या अंगणात येत आहे, हेही ओळखले पाहिजे. तेथे शिवलेला कपडा ज्या देशांत जाईल तेथील घेणारे विचारतील : कापूस कोणी वेचला? मुलांनी तर नाही? मुलींची वसतिगृहे कशी आहेत? रात्रपाळी नाकारता येते काय? संकुल नवीन असताना ही व्यवस्था घालणे स्वस्त असते. पाया भरताना नाली काढणे सोपे; घर उभे राहिल्यावर फरशी फोडावी लागते.

आमच्या समजुतीप्रमाणे येत्या काळात या प्रश्नाचे भवितव्य तीन गोष्टींवर ठरेल. पहिली, घेणारा भाव देतो की नाही. स्वच्छ माल मागावयाचा आणि भाव मात्र मळकाच द्यावयाचा, हे चालणार नाही. पंख्याचा खर्च गिरणीवाल्यावर टाकला तर तो पंखा बंदच राहील. दुसरी, दोष आढळताच घेणारा पाठ फिरवितो की थांबून सुधारणा करवितो. गिऱ्हाईक पळून गेले तर मजुराची धूळही जाते आणि भाकरीही जाते. म्हणून करार तोडणे हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. तिसरी, मजुराला न भिता बोलता येते की नाही. या तीन गोष्टी असतील तर कायदा थोडा सैल असला तरी काम होईल. त्या नसतील तर कडक कायद्याचाही कागदच होईल.

आपल्या हातातील गोष्ट

शेवटी आपल्या ट्रस्टविषयी दोन शब्द. आपण कंपनी नाही, आणि कोणताही कायदा आपल्याला दक्षतेचा अहवाल मागणार नाही. तरीही आपण खरेदी करतोच. विद्यार्थ्यांचे गणवेश, हिवाळ्यातील घोंगड्या, कार्यक्रमाच्या शाली, सभागृहासाठी दगड, ही सारी कोणाच्या तरी हातची असतात.

दगडाचेच पाहा. राजस्थानात सिरोही जिल्ह्यातील पिंडवाडा येथे देशभरच्या मंदिरांसाठी दगडावर कोरीव काम होते, आणि तेथील कारागिरांत सिलिकोसिसचे रोगी मोठ्या संख्येने आढळले आहेत. राजस्थान शासनाने २०१९ साली अशा रोगांसाठी स्वतंत्र धोरण केले. त्यात रोगाचा दाखला मिळताच ३ लाख व मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. देवाच्या घराची कमान कोरणाऱ्याची छाती त्या कमानीच्या धुळीने भरावी, ही गोष्ट भाविक मनाला सहन होऊ नये. आणि उपाय तर साधा आहे : दगड ओला ठेवून कापावा, धूळ जागीच ओढून घ्यावी, कारागिराची नियमित तपासणी करावी.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ट्रस्टच्या यापुढील प्रत्येक मोठ्या खरेदीच्या वेळी दरपत्रकाबरोबर पुरवठादाराला तीन प्रश्न लेखी विचारावेत : माल कोठे व कोणाकडून बनतो; कामगारांना किमान वेतन मिळते काय आणि त्यांत चौदा वर्षांखालील मूल तर नाही ना; आणि धूळ, आग, यंत्र यांपासून बचावाची काय सोय आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर लगेच तोडू नये. सुधारण्यास अवधी द्यावा आणि कार्यकारिणीपैकी दोघांनी जाऊन पाहून यावे. जो पुरवठादार खरे सांगेल आणि त्यासाठी थोडा अधिक दर मागेल, त्याला केवळ दरासाठी डावलू नये. खर्च थोडा वाढेल. दोनशे गणवेशांऐवजी कदाचित एकशे नव्वद होतील. त्या दहा गणवेशांची उणीव आपणा सभासदांच्या वर्गणीतून भरून काढता येईल. शिवणाऱ्याच्या पोटातून ती भरून काढू नये.

आणि आपल्या घरांतील जी तरुण मंडळी मोठ्या कंपन्यांत खरेदीच्या, हिशेबाच्या किंवा देखरेखीच्या जागांवर आहेत, त्यांना वडिलकीच्या नात्याने सांगणे आहे. एके दिवशी तुमच्या टेबलावर एक दरपत्रक येईल, आणि त्यातला आकडा इतरांपेक्षा बराच कमी असेल. सही करण्यापूर्वी एवढेच विचारा की, हा फरक कोणी भरला? उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवा. मोहनखेड्याच्या वाटेवर राजगढच्या आसपास बस थांबते तेव्हा मजुरीला निघालेली आदिवासी माणसे गाठोडी घेऊन उभी असलेली दिसतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्यांच्यापाशी असते.